दिल्लीनं मत मागितलं, अन् इकडे धानाचं चुरणं सुरू होतं

८ डिसेंबर २०२५ ले केंद्र सरकारच्या उद्योग संवर्धन आणि अंतर्गत व्यापार विभागानं (नाव लांब आहे, सगळे डीपीआयआयटीच म्हणतात) एआय आणि कॉपीराइट यावर एक जाडजूड कागद काढला आणि म्हटलं की लोकांनी ३० दिवसांत आपलं मत कळवावं. आता त्या ३० दिवसांत आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या धानाच्या पट्ट्यात, काय चालू असते ते सांगतो. धान कापून झालेलं, चुरणे (मळणी) चालू, आधारभूत केंद्रावर नंबर लावायची घाई, बारदाना नाही म्हणून बोंब, आणि रात्री कुठे ना कुठे मंडई (गावची जत्रा) अन् मंडईत नाटक. अशात कोणी इंग्रजी पीडीएफ उघडून मत देत बसणार आहे का? मी बसलो, कारण माझ्या धंद्याशी त्याचा संबंध आहे, नाहीतर मीही बसलो नसतो.

धंदा म्हणजे गावात ऑनलाइनचं छोटं दुकान. सातबारा, पीकविमा, ई-केवायसी, पोरायचे ॲडमिशनचे फॉर्म, आणि लग्नसराईत शूटिंगच्या ऑर्डरी. त्यामुळे कोणाचा व्हिडिओ उडाला, कोणाच्या व्हिडिओचा आवाज बंद झाला की लोक सरळ माझ्याकडे येतात, जसा काही मीच उडवला. कॉपीराइट हा शब्द आमच्याकडे वकिलाकडून नाही, मोबाईलवरच्या लाल पट्टीतून आला.

एकच किस्सा सांगतो, बाकीचे असेच आहेत. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीचा कार्यक्रम, गावातल्या भजन मंडळाचा. हार्मोनियम, तबला, दोन खंजिऱ्या, एक माईक जो मधून मधून खरखर करते, आणि समाजमंदिराच्या खांबाला दोरीनं बांधलेला गावातल्या एका पोराचा मोबाईल. गाणारे सगळे साठीच्या पुढचे. पोरानं रात्रीच व्हिडिओ टाकला, सकाळी मेल आला की तुमच्या व्हिडिओत अमुक कंपनीच्या मालकीचा मजकूर सापडला आहे आणि आवाज बंद केला आहे. म्हणजे व्हिडिओत मंडळातले गाणारे काकाजी तोंड हालवतात, खंजिरी वर-खाली होते, अन् ऐकू काहीच येत नाही. कोण्या ऑडिओ कंपनीनं तेच भजन तेच चालीत रेकॉर्ड करून ठेवलेलं, मशीननं चाल जुळवली अन् ठोकला दावा.

काकाजी दुकानात आले. मोबाईल काउंटरवर ठेवला अन् म्हणाले, "काहून बावा, गायलो आमी, वाजवलं आमी, अन् गाणं कंपनीचं कसं झालं? ते कंपनी आली होती का इथं खंजिरी वाजवाले?"

मी म्हटलं, "काकाजी, तिकडे मानूस नाही बसला, मशीन आहे."

"मंग मशीनले सांग ना."

मशीनला सांगायचं म्हणजे फॉर्म भरायचा. फॉर्म इंग्रजीत, त्यात पूर्ण नाव, पत्ता, अन् दावा का चुकीचा आहे याचं कारण. आपण हरकत घेतली की निकाल पहिले देते कोण, तर ज्यानं दावा केला तेच! आणि प्रकरण पार शेवटपर्यंत नेलं तर अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्याप्रमाणे उलट नोटीस द्यावी लागते, त्यात अमेरिकेच्या फेडरल कोर्टाचा अधिकार मला मान्य आहे असं लिहून द्यावं लागते. तालुक्याच्या कोर्टात साक्षीला जायचं म्हटलं तरी आमच्या लोकांच्या पोटात गोळा येते, अन् इथं अमेरिकेचं कोर्ट. पोरानं ते वाचलं अन् खिडकी बंद केली. व्हिडिओ अजूनही मुकाच आहे.

मग मी कायदाच काढून वाचला. १९५७ चा कॉपीराइट ॲक्ट, नेटवर आहे, कोणीही वाचू शकते, फक्त चहा घेऊन बसा. त्यात काय निघालं ते मोठं गमतीचं आहे.

आपल्या देशात लेखक-कवीचा हक्क त्याच्या हयातीत अन् मेल्यानंतर ६० वर्षं चालते. ते ६० वर्षं मोजायची ती पुढच्या १ जानेवारीपासून. महाराजांचं निर्वाण ११ ऑक्टोबर १९६८ चं, म्हणजे त्यांच्या हयातीत छापून आलेल्या भजनांवरचा हक्क ३१ डिसेंबर २०२८ पर्यंत, नंतर सगळ्यांसाठी मोकळं. आधी हे ५० वर्षंच होतं. १९४१ ला रवींद्रनाथ टागोर गेले, १९९१ च्या शेवटी त्यांच्या साहित्यावरचा हक्क संपत होता, तो शांतिनिकेतनच्या विश्वभारती विद्यापीठाकडे होता, मग तिकडून मागणी झाली अन् १९९२ मध्ये सरकारनं सगळ्याच लेखकांसाठी १० वर्षं वाढवून टाकली. शांतिनिकेतनच्या हिशोबानं आमच्या खंजिरी भजनाचे दहा वर्षं वाढले! तेव्हा कोणी आमच्या मंडळाला विचारलं असतं तर काकाजी काय म्हणाले असते कोणास ठाऊक, कदाचित हो म्हणाले असते, महाराजांच्या नावाचं आहे तर राहू द्या म्हणून. पण विचारलं नाही हे खरं.

आता मुख्य गोष्ट. कायद्याच्या कलम ५२ मध्ये कोणकोणत्या गोष्टी केल्या तर कॉपीराइटचा भंग होत नाही याची यादी आहे. त्यात एक पोटकलम असं आहे की हौशी मंडळानं तिकीट न लावता, फुकट बसलेल्या लोकांसमोर गाणं-नाटक सादर केलं, किंवा एखाद्या धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी केलं, तर तो भंग नाही. लग्नाच्या वरातीलाही त्याच कलमात, दुसऱ्या पोटकलमानं मोकळीक आहे. म्हणजे आमचं भजन मंडळ समाजमंदिरात जे गाते ते शंभर टक्के कायदेशीर. पण तोच कार्यक्रम मोबाईलमध्ये धरून पुण्याला असलेल्या पोराला दिसावा म्हणून नेटवर टाकला, की ते कायद्याच्या भाषेत वेगळंच काम होते, लोकांपर्यंत पोहोचवणं, अन् त्याला ही सूट लागू आहे असं कुठंच स्पष्ट लिहिलेलं नाही. पेंडॉलमध्ये गायलं तर चालते, पेंडॉलचा व्हिडिओ टाकला तर माहीत नाही. कायदा लिहिणाऱ्याच्या डोळ्यापुढे तेव्हा पेंडॉल होता, मोबाईल नव्हता, त्यात त्याची काही चूक नाही. चूक नंतरच्या लोकांची. २०१२ मध्ये कायदा डिजिटल जमान्यासाठी म्हणून बदलला, डिजिटल कुलूप (कॉपी करू न देणारी सोय) तोडलं तर शिक्षा वगैरे घातली, पण हे पोटकलम तसंच राहिलं. काहून राहिलं? माझं मत असं आहे की हे सांगायला कोणी गेलंच नाही. सिनेमावाले गेले, कॅसेट कंपन्या गेल्या, पुस्तक छापणारे गेले. हौशी मंडळाची काही दिल्लीत संघटना नसते.

त्याच २०१२ च्या दुरुस्तीत अन् तिच्यावरून २०१३ मध्ये केलेल्या नियमांत एक चांगली गोष्ट आहे ती पण सांगतो. तक्रार आली की वेबसाइटवाल्यानं ३६ तासांत मजकूर बंद करायचा, पण तक्रार करणाऱ्यानं २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आणला नाही तर तो मजकूर पुन्हा चालू करता येते. गरीब माणसासाठी हे बरं आहे, कारण कोर्टात जायचं ओझं दावा करणाऱ्यावर पडते. पण मोठ्या ॲपवर आपण अकाउंट उघडताना जो लांबलचक करार न वाचता टिक करतो, खरं काम त्याच्यानुसार चालते, मशीननं. तिथं २१ दिवसांचा हिशोब कोणी विचारत नाही.

तुम्ही म्हणाल की मग सगळंच मोकळं करून टाका. थांबा. गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाला एका नाटक कंपनीच्या मालकाशी माझं चांगलं जमते, त्यायच्या जाहिरातीचं काम मी करतो. झाडीपट्टीचं नाटक ज्यानं पाहिलं नाही त्याला सांगतो, दिवाळीपासून होळीपर्यंत सीझन, रात्री उशिरा पडदा उघडते तो पहाटेपर्यंत, तिकीट लावून, अन् थंडीत चादर पांघरून मायबाया लेकरं घेऊन बसतात. परशुराम खुणे यायला २०२३ मध्ये पद्मश्री भेटली ती याच रंगभूमीसाठी. तर या मालकाचं दुःख एकदम उलटं आहे. नवीन नाटक लागते, लेखकाला पैसे दिलेले, नट-नट्यांना नाइटचे पैसे, मंडप, जनरेटर, गाडी, अन् सीझनच्या सुरुवातीलाच कोणीतरी पोट्टा पहिल्या रांगेत बसून अख्खं नाटक मोबाईलमध्ये धरते अन् सकाळी टाकून देते. मग पुढच्या गावचे म्हणतात, "हे तं आमी पायलं, दुसरं आहे का?" त्यायला ते ३६ तास पण लय वाटतात. "३६ तासांत माहे दोन नाइट जातात ना भाऊ," ते म्हणतात. अन् बरोबर आहे त्यायचं.

पण त्याच नाटकाच्या मधात जो डान्स होते तो कोणत्या गाण्यावर होते, हे मी त्यायला विचारलं. हसले. "ते जाऊ दे," म्हणाले.

म्हणून मला वाटते की हा विषय फक्त वकील आणि कंपन्यांवर सोडण्यासारखा नाही. एकाच तालुक्यात एकाला व्हिडिओ लवकर उडावा वाटते, दुसऱ्याला उडू नये वाटते, आणि कधीकधी दोन्ही एकच माणूस असते. दिल्लीत बसून हे समजत नाही.

आता प्रश्न असा की मत देऊन काही होते का. आमच्याकडे लोकांचं उत्तर तयार आहे, "काई नाई होत बापा." पण मी शोधलं तर थोडं वेगळं निघालं. २०१० च्या एप्रिलमध्ये राज्यसभेत कॉपीराइट दुरुस्तीचं बिल आलं तेव्हा त्यात अंध लोकांसाठी सूट होती, पण ती फक्त खास त्यांच्यासाठीच असलेल्या फॉरमॅटला, म्हणजे ब्रेलसारख्या. अंध-अपंगांच्या संघटना उठल्या. त्यांनी म्हटलं की सगळ्याच अंधांना ब्रेल येत नाही, आम्ही कॉम्प्युटरवर आवाजातून वाचतो, कोणाला मोठ्या अक्षरात लागते, कोणाला ऑडिओ, आणि ज्याला डोळे आहेत पण पुस्तक हातात धरता येत नाही त्याचं काय? त्या संसदेच्या स्थायी समितीपुढे गेल्या, सांगितलं, लावून धरलं. २०१२ मध्ये कायदा झाला त्यात मजकूर बदललेला होता, वाचता येईल अशा कोणत्याही फॉरमॅटला सूट. पुढे २०१३ मध्ये माराकेशला याच विषयावर आंतरराष्ट्रीय करार झाला आणि २०१४ मध्ये त्याला मंजुरी देणारा पहिला देश भारत होता. हे लोक पैशानं मोठे नव्हते. त्यांच्याकडे एकच होतं, आपल्याला नेमकी अडचण कुठं येते ते त्यांना सांगता येत होतं.

उलटं उदाहरण पण आहे, लपवत नाही. कॅनडात २००९ मध्ये सरकारनं कॉपीराइट कायदा बदलायच्या आधी देशभर लोकांना विचारलं, ८ हजारांच्या वर लोकांनी लिहून पाठवलं. त्यात डिजिटल कुलपाबद्दल लोकांचा मोठा विरोध होता, म्हणजे विकत घेतलेली वस्तू आपल्याच दुसऱ्या मशीनवर वाजवायला कुलूप तोडलं तर गुन्हा कसा, असं. २०१२ मध्ये कायदा झाला तर कुलूप कायमच. पण बाकी काही गोष्टी लोकांच्या बाजूनं आल्या, विनोदी नक्कल, शिक्षण यांना सूट मिळाली. म्हणजे ऐकतात, अर्धं ऐकतात. ग्रामसभेतही अर्धंच ऐकतात, म्हणून आपण जायचं सोडत नाही. (काही जण सोडतात, ती गोष्ट वेगळी.)

आपल्या देशात याचा नियम पण आहे. २०१४ च्या फेब्रुवारीत केंद्रानं धोरण ठरवलं की कोणताही कायदा आणायच्या आधी त्याचा मसुदा निदान ३० दिवस लोकांसमोर ठेवायचा, सोप्या भाषेत समजावून सांगायचं, आणि आलेल्या सूचनांचा सारांश पण जाहीर करायचा. वाचायला लय गोड. पण तो सोप्या भाषेतला कागद मराठीत कुठं आहे? २०२० मध्ये पर्यावरणाच्या ईआयए मसुद्याच्या (प्रकल्पानं पर्यावरणावर काय परिणाम होईल ते तपासायच्या नियमांच्या) वेळी हाच वाद झाला होता. दिल्ली हायकोर्टानं म्हटलं की मसुदा आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांत द्या, तर केंद्र सरकार त्याच्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेलं. ज्याच्या जंगलातून खाण जाणार त्याला त्याच्या भाषेत सांगायला इतकी अडचण, तर भजनाला कोण विचारते! संसदेच्या समित्या निवेदनं मागवतात ती पण हिंदी नाहीतर इंग्रजीत पाठवा म्हणतात. आमचे अर्धे लोक हिंदी बोलतात ती पण अशी की हिंदीवाला म्हणते मराठी बोला.

मग आम्ही काय केलं. गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा गाव आहे, "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" म्हणणारं. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांमध्ये ते आहे. तिथली एक पद्धत मला फार पटते. निर्णय ग्रामसभेत, सगळ्यांच्या संमतीनं, पण त्याच्या आधी अभ्यास गट बसते. अभ्यास गटात फक्त समजून घ्यायचं, भांडायचं नाही, ठरवायचं नाही, बाहेरचा माहितगार आला तरी त्यानं माहिती द्यायची अन् गप बसायचं. आमच्या गावात तेवढी शिस्त नाही, पण एका संध्याकाळी समाजमंदिरात भजन मंडळवाले, बचत गटाच्या दोन-तीन बाया, नाटकाचं वेड असलेले पोट्टे, असे बसलो अन् तो दिल्लीचा कागद मी तोंडी मराठीत सांगितला.

कागदात थोडक्यात असं आहे की एआय बनवणाऱ्या कंपन्यांना कायदेशीर मार्गानं मिळालेला कोणताही मजकूर, गाणी, चित्रं मशीनला शिकवायला वापरू द्यायची, लेखक-कलावंताला नाही म्हणता येणार नाही, पण कंपनीनं त्याचे पैसे द्यायचे, आणि ते पैसे गोळा करून वाटायला एक मध्यवर्ती संस्था राहील. सॉफ्टवेअर कंपन्यांची संघटना नॅसकॉम यांनी आपला विरोध हा कागद बनवणाऱ्या समितीतच नोंदवला. ते समितीच्या टेबलावर होते, आम्ही समाजमंदिराच्या सतरंजीवर.

मला वाटलं होतं एआय म्हटल्यावर लोक जांभया देतील. तर बचत गटाच्या एका मावशीनं पहिलाच प्रश्न असा टाकला की माझी बोलतीच बंद. म्हणाली, "आमी रोवण्याच्या (धान लावायच्या) बांदीत गाणे म्हणतो, ते पोरीनं मोबाईलमंदी टाकले. ते त्या मशीननं शिकलं, तं पैसे कोणाले भेटन? माह्या सासूनं शिकवलं होतं मले, अन् तिले तिच्या मायनं."

या प्रश्नाचं उत्तर त्या कागदात मला तरी सापडलं नाही. पैसे वाटणारी संस्था कोणाच्या नावानं वाटणार, ज्याचं नाव रजिस्टरमध्ये आहे त्याच्या. रोवण्याच्या गाण्याचं रजिस्टर कुठं आहे? ज्या कंपनीनं ते गाणं गोळा करून आपल्या नावावर चढवलं तीच पैसे घेऊन जाईल, भजनाच्या वेळी झालं तसंच. काकाजी लगेच बोलले, "हे लिव. हेच पहिले लिव."

तर पत्र लिहिलं. पहिलं ते रोवण्याच्या गाण्याचं, की पारंपरिक गाण्यावर कोणालाही एकट्याला पैसे देऊ नका, त्या भागातल्या लोककलेसाठी वेगळे काढा अन् ते कोणाला द्यायचे हे ग्रामसभेला विचारा. दुसरं, कलम ५२ च्या त्या पोटकलमात एक ओळ घाला, की हौशी मंडळाचा जो कार्यक्रम फुकट आहे तो पैसे न कमावता नेटवर दाखवला तरी भंग समजायचा नाही. हे एआयच्या विषयाबाहेरचं आहे, मला माहीत आहे, पण तलाठ्याकडे एका कामासाठी गेलं की दुसरं पण सांगून यावं लागते, पुन्हा जाणं होत नाही. तिसरं, मशीननं दावा ठोकला तरी २१ दिवसांचा नियम लागू करा अन् हरकतीचा फॉर्म मराठीत द्या. चौथं पोट्ट्यांनी घालायला लावलं, की पुढच्या वेळी कागद मराठीत काढा अन् ३० दिवस धानाच्या दिवसांत नका ठेवू. मूळ पत्र मराठीतच ठेवलं, सोबत हिंदी जोडलं, सगळ्यांच्या सह्या अन् अंगठे घेऊन स्कॅन केलं अन् ईमेल केला. उत्तर म्हणाल तर अजून काही आलं नाही. कागदाच्या नावातच पहिला भाग असं लिहिलेलं आहे, दुसरा निघेल तेव्हा पुन्हा बसू.

वडशाच्या मालकाला मी ते पत्र वाचून दाखवलं. दुसऱ्या मुद्द्यावर त्यायचं डोकं फिरलं. "म्हणजे आता पोट्टे म्हणतील आमी हौशी आहो, अन् माहं नाटक टाकतील फुकटात. मी तुह्या विरोधात लिवतो." मी म्हटलं लिहा, लिहायलाच पाहिजे. त्यायनं सांगितलं, मी टाईप केलं. तिकीट लावलेल्या प्रयोगाला ही सूट नको, अन् नाटक सुरू असताना तक्रार आली तर ३६ नाही, सहा तासांत बंद करा, असं. चांगलं झणझणीत पत्र झालं, माझ्यापेक्षा बरं. टायपिंगचे पैसे मात्र घेतले, वीस रुपये पान.